नागपूर ते महालक्ष्मी: डर्बीला कुठं बसायचं

डिसेंबर, तयारी

इंडियन डर्बी, म्हणजे घोड्यांची मोठी शर्यत, बहुतेक दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर, आणि रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे नागपूरवाल्यांनी डिसेंबर लागला की मोबाईल घेऊन बसायचं, नाहीतर मग विमानाचे भाव बघून नुसते उसासे टाकायचे. आमच्याकडे जायचं खूळ मामाजींचं. मामाजी म्हणजे आमच्या ह्यांचे मामा, वर्ध्याकडचे, सगळी उमर शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गेलेली. मधली काही वर्षं पट बंद होते, मग डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, मे २०२३ मध्ये राज्याचा बैलशर्यतीचा कायदाही ग्राह्य धरला आणि मामाजींना पुन्हा जवानी आली, आणि आता बैल बघून झाले तर एकदा घोडे बी पाहू असं त्यांनी दिवाळीतच जाहीर करून टाकलं होतं.

ह्यांचं म्हणणं समृद्धीने गाडी काढू, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पार ठाणे जिल्ह्यापर्यंत रस्ता पूर्ण झालाय, मजेत जाऊ. पण मामाजींची कंबर आणि मुंबईतलं पार्किंग ह्या दोन गोष्टी मी पुढे केल्या आणि विषय संपला. जाताना विदर्भ एक्सप्रेस, येताना दुरंतो. येतानाच्या तिकिटात एक गंमत आहे ती आधीच सांगून ठेवते, दुरंतो सीएसएमटीहून रात्री सव्वाबाराला सुटते, म्हणजे रविवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट सोमवारच्या तारखेचं काढायचं. रविवारचं काढलं तर तुमची गाडी शनिवारी मध्यरात्रीच निघून जाईल, आणि रेस तर व्हायचीच असेल.

मग खरा वाद, बसायचं कुठं. मेंबर्स एन्क्लोजर, फर्स्ट एन्क्लोजर, सेकंड एन्क्लोजर असे भाग आहेत, शिवाय डर्बीच्या दिवशी जेवणखाणासकट महागडी पॅकेजं असतात, सोफा, एसी, बुफे वगैरे. मेंबर्समध्ये कुणी मेंबर नेणारा पाहिजे आणि पुरुषांना कोट-टाय, आमच्या ओळखीत मेंबर कुठला, पण ह्यांनी लग्नातला सूट कपाटातून काढून घालून बघितला, बटण लागलं नाही, तो पर्याय तिथंच बाद. पॅकेजच्या फोटोत प्रत्येक टेबलासमोर मोठा टीव्ही दिसत होता. मी म्हटलं टीव्ही ठेवलाय म्हणजे तिथून मैदान दिसत नसणार, आणि टीव्हीवरच बघायचं तर धरमपेठच्या घरात काय वाईट आहे.

मी आपला कागद घेऊन नकाशा काढला. महालक्ष्मीचा ट्रॅक उजव्या हाताचा, म्हणजे घोडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पळतात, म्हणजे स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला ते शेवटच्या सरळ पट्ट्यात उजवीकडून डावीकडे जाताना दिसणार. सगळी गर्दी विनिंग पोस्टसमोर, म्हणजे रेस संपते त्या खुणेसमोर, होते. पण रेस ठरते ती त्याच्या अलीकडच्या दोन-तीनशे मीटरमध्ये, कोण कुठून जागा काढतो, कुणाचा दम सुटतो. ऑफिसमधले एक सर पुण्याच्या रेसेसना जातात, त्यांनाही विचारलं, ते म्हणाले पोस्टच्या थोडं अलीकडे बसा आणि जमेल तितकं वर बसा, खाली बसाल तर फक्त टोप्या दिसतील. फर्स्ट एन्क्लोजरची तिकिटं काढली. तिकिटावर सीट नंबर नव्हता, म्हणजे लवकर जाऊन जागा धरणं आलं, आणि त्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरू शकत नाही.

शुक्रवार

नागपूर स्टेशनवर मामाजी धोतर, कोट आणि डोक्याला फेटा अशा थाटात हजर. हे म्हणाले मामा, रेस परवा आहे. मामाजी म्हणे, "मंग? घालाले आणला ना."

डब्यात सांबारवडी, दशम्या, तिळाची चटणी आणि पिशवीभर संत्री. समोरच्या बर्थवर एक मुंबईचं जोडपं होतं, त्यांना सांबारवडीत सांबार कुठे आहे हे काही केल्या सापडेना, त्यांना सांगितलं कोथिंबीर म्हणजे सांबार, खा गुमान. वर्धा गेलं, धामणगाव आलं आणि मामाजी खिडकीला नाक लावून बसले, कारण इथून जवळ तळेगाव दशासर, तिथला शंकरपट म्हणजे आमच्याकडचा नावाजलेला. मग अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं व्याख्यान. पटात बैलजोडी छकडीला जुंपतात, वर धुरकरी, आणि जोडी सेकंदाच्या हिशोबात मोजतात, एक जोडी पळून गेली की दुसरी. घोड्यांचं तसं नाही, सगळे एकदम सुटतात, म्हणजे नुसता वेग असून भागत नाही, वाट मिळायला पाहिजे. हे मामाजींना फारसं पटलं नाही. "मंग ज्याले वाट नाही भेटली त्याचं काय? तो का कमी पळते का?" ह्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ह्यांनी फोनवर रेसकार्ड उघडलं. डर्बी २४०० मीटरची, धावणारे सगळे चार वर्षांचे आणि भारतातच जन्मलेले. घोडा कधीही जन्मो, वय १ जानेवारीला मोजतात, त्यामुळे फेब्रुवारीत सगळे कागदावर चारचे, आणि पुढच्या वर्षी पाचचे, म्हणजे प्रत्येक घोड्याला डर्बी आयुष्यात एकदाच. नरांना ५७ किलो वजन, फिलीला म्हणजे घोडीला दीड किलोची सूट. मला वाटलं घोड्या उगीच भरतीला असतील, पण १९४३ ची पहिली डर्बी जिंकली तीच मुळी प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीने, बडोद्याच्या महाराजांची होती, आणि २०१० मध्ये जॅकलीननेही नरांना मागे टाकलं होतं. मी तिथंच ठरवून टाकलं, यादीत जी घोडी असेल ती आपली.

ह्यांनी नावं बघून तीन घोडे निवडले. मामाजींनी कपाळावर हात मारला. "नाव पाहून जावई तरी करते का कोणी?"

शनिवार

उजाडता उजाडता दादर. मावशी लालबागला, जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, तिने आधी चहा दिला आणि मग विचारलं की नागपूरहून इतक्या लांब जुगार खेळायला आलात का. तिला सांगितलं की १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय. मावशी म्हणाली कोर्टाने म्हटलं असेल, तुझ्या काकांनी काय काय घालवलं ते मला माहीत आहे. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता, पोहे खाल्ले. (बिनतर्रीचे. असो.)

दुपारी झोप आणि संध्याकाळी पाहणी. हे मी सगळ्यांना सांगेन, बाहेरगावाहून जाणार असाल तर आदल्या दिवशी एकदा जाऊन रस्ता आणि गेट बघून या, डर्बीच्या दिवशी टॅक्सीवाला कुठंतरी लांब सोडतो आणि मग नटूनथटून चालत बसायला लागतं. महालक्ष्मी स्टेशनला उतरलो, एका अंगाला धोबीघाट, दुसऱ्या अंगाने केशवराव खाड्ये मार्ग धरला की रेसकोर्स. सोबतचे दोघं तर थबकलेच. इतकं रिकामं हिरवं मैदान मुंबईच्या मधोमध, आणि चहूबाजूंनी वर गेलेले टॉवर, कुणाची तरी नजर ह्याच्यावर नसेल असं होणारच नाही. १८८३ पासूनचं रेसकोर्स हे, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. जागेच्या लीजचं भिजत घोंगडं बरीच वर्षं पडून होतं, मग २०२४ मध्ये ठरलं की जवळपास १२० एकर जागा पालिकेला पार्कसाठी आणि ९१ एकर क्लबकडे ३० वर्षांच्या लीजवर. रेस तिथंच राहणार. मामाजींनी एकराचा हिशोब ऐकून विचारलं, "इथं एका एकराचे किती येत असतीन?" आणि उत्तर न ऐकताच गप्प झाले.

कठड्यातून स्टँड दिसतो, जुना, लोखंडी खांबांचा, वर छप्पर. मी नकाशा काढून ताडून बघितलं, विनिंग पोस्ट कुठे, शेवटचं वळण कुठे. हे हाजी अलीच्या ज्यूसकडे ओढत होते, शेवटी गेलो, सीताफळ क्रीम खाल्लं, चांगलं होतं पण भाव विचारू नका.

रविवार

रविवारी दुपारी वेस्टर्न लाईनला बऱ्याचदा ब्लॉक असतो म्हणून मावशीच्या सांगण्यावरून टॅक्सी केली, चिंचपोकळीवरून सात रस्ता आणि तिथून महालक्ष्मी. मी भंडाऱ्याचा कोसा नेसले होते आणि पायात सपाट चपला, हिरवळीवर हिलवाल्या बायका एकेक पाऊल उपटून काढत चालल्या होत्या ते बघून मला माझंच कौतुक वाटलं. टोप्या मात्र बघण्यासारख्या, पिसं, फुलं, एकीच्या डोक्यावर तर अख्खी बाग. आणि ह्या सगळ्यांत सगळ्यात जास्त फोटो कुणाचे काढले गेले तर मामाजींच्या फेट्याचे. एका पोरीने येऊन सर, कुठल्या स्टडचे तुम्ही, म्हणजे घोड्यांच्या कुठल्या फार्मचे, असं विचारलं. मामाजी म्हणे, "आर्वी तालुका."

बारा-सव्वाबाराला आत होतो. आधी वर जाऊन, पोस्टच्या उजव्या हाताला, पायऱ्यांच्या वरच्या ओळीत, खांब मध्ये येणार नाही असं बघून जागा धरली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसाच, तीन जागांवर रेसबुक, माझी शाल आणि ह्यांचं जॅकेट. खांबाचं लक्षात ठेवा, जुन्या स्टँडमध्ये खांब आहेत आणि नेमका एक मध्ये आला की अख्खी रेस मान वाकडी करून बघावी लागते.

डर्बी संध्याकाळकडे असते, त्याआधी दुपारभर बाकीच्या रेसेस. ह्या आधीच्या रेसेसचा उपयोग काय करायचा तर जागा बदलून बदलून बघायच्या. पहिली आम्ही खाली रेलिंगपाशी बघितली. लांबून काहीच कळत नाही, पलीकडच्या बाजूला घोडे म्हणजे सरकणारे ठिपके, लोक स्क्रीनकडे बघतायत, आणि मग अचानक वळणावरून आवाज येतो. तो आवाज टीव्हीवर येतच नाही. आधी पायाखाली जाणवतं, मग टापांचा दणदणाट, चाबकाचे फटके, जॉकी ओरडतायत ते सुद्धा ऐकू येतं, मातीची ढेकळं उडतात आणि दोन-चार सेकंदांत सगळं डावीकडे निघून जातं आणि तुम्हाला फक्त शेपट्या दिसतात. कोण जिंकलं ते शेजाऱ्याला विचारा. अंगावर काटा येतो पण रेस म्हणून काही दिसत नाही.

दुसरी वरून बघितली. वरून मात्र सगळा डाव उलगडतो, कोण पुढे राहून दमतोय, कोण आतल्या कठड्याला अडकलाय, कोण बाहेरून वळसा घेऊन येतोय. एकच तोटा, पोस्टच्या अलीकडे बसलं की आपली नजर तिरपी पडते, त्यामुळे जवळजवळ आलेल्या दोन घोड्यांत कुणाचं नाक पुढे होतं ते आपल्याला चुकीचं दिसतं. एका रेसमध्ये आमच्या अख्ख्या ओळीने चार नंबर जिंकला म्हणून जल्लोष केला, फोटो फिनिश लागला आणि बोर्डावर भलताच नंबर. मागचे पारशी काका शांतपणे म्हणाले, इथून कधी ओरडायचं नाही, बोर्ड लागला की ओरडायचं.

आणि एक गोष्ट कळली ती म्हणजे पॅडॉक. रेसच्या आधी घोडे जिथं गोल फिरवून दाखवतात ती जागा. बरेच लोक तिथं जातच नाहीत, बार आणि टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैसे लावायच्या, खिडक्यांत फिरत राहतात. मामाजी मात्र तिथून हलायला तयार नाहीत. कठड्याला दोन्ही कोपरं टेकून उभे. हाताच्या अंतरावरून घोडे जातात, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या वर आलेल्या, सईस लगाम धरून सोबत चालतोय, एखादा घोडा मान झटकतो, एखाद्याच्या मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस. "हा गेला," मामाजी फेसवाल्याकडे बोट दाखवून म्हणे, "हा इथंच पळून रायला, तिकडं काय पळीन?" मग मला खाली बघायला लावलं. "सूनबाई, टाप पाय. मांगचा पाय पुढच्याच्या ठशाच्या म्होरं पडते का नाही ते पाय. ज्याचा म्होरं पडते त्याची ढांग लंबी." आम्ही दोघं टापा मोजत उभे, हे तिकडे फोनवर फॉर्म वाचतायत. जॉकी आले, सगळे पोरगेले दिसतात, ट्रेनरने गुडघ्याखाली हात धरून एका झटक्यात वर टाकले की बसले. त्यांच्या अंगातले रंग म्हणजे मालकाचे रंग. हे रंग रेसबुकात पेनने खुणा करून ठेवा, कारण खोगिराखालच्या कापडावरचा नंबर लांबून दिसत नाही, पिवळी बाही नाहीतर लाल टोपी मात्र पार पलीकडूनही ओळखू येते. पैसे देऊन घेतलेल्या दुर्बिणीपेक्षा हा उपाय जास्त कामी आला, दुर्बीण एकाला मिळते आणि बाकीचे दोघं कुठाय कुठाय करत बसतात.

आता पैशाचं. टोटच्या खिडकीवर विन, प्लेस, आणि मग पहिल्या तिघांचा क्रम सांगायचा तो टनाला, असे बरेच प्रकार. बुकींची रिंग वेगळी, तिथं भाव सारखे बदलत असतात. ह्यावर जीएसटी आधी २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ४० झाला, त्यामुळे नेहमीची मंडळी जाम वैतागलेली, रांगेत दुसरा विषय नाही. आम्ही आधीच ठरवून एका पाकिटात थोडे पैसे ठेवले होते, जेवणाच्या बिलाएवढे, ते संपले की संपले. माझं मत विचाराल तर नवख्याने प्लेस लावावा, घोडा पहिल्या तिनात आला तरी बहुतेक वेळा पैसे येतात आणि शेवटपर्यंत ओरडायला कारण राहतं.

डर्बीची वेळ झाली तसा स्टँड गच्च. मामाजींनी पॅडॉकमध्ये टापा बघून एक काळपट घोडा निवडला, ज्याला कुणी फारसं विचारत नव्हतं. मी माझी घोडी. ह्यांनी फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांचे पैसे तो. गेटमध्ये घोडे भरताना एक आत जाईचना, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, मागून चौघांनी ढकलला, आणि मग घंटा होऊन फटाफट दारं उघडली. साधारण अडीच मिनिटांचा मामला असतो सगळा, ताशी जवळपास ५८ किलोमीटरच्या वेगाने. पहिला दीड मिनिट लोक आश्चर्य वाटावं इतके गप्प. कॉमेंट्रीवाला एकटाच बोलतोय. शेवटचं वळण आलं आणि एकदम पाच-सहा घोडे आडवे पसरले, माझी घोडी चांगली तिसऱ्या-चौथ्यावर होती, मी कोसा गुडघ्यापर्यंत धरून पायरीवर उभी, आणि तिला आत वाट मिळेना, समोर दोघांची भिंत. बाहेरून फेव्हरिट आला, सरळ निघून गेला, दोन-तीन घोड्यांच्या लांबीने. काळपट घोडा मागून सगळ्यांना ओलांडत तिसरा. बोर्ड लागेपर्यंत आम्ही ओरडलो नाही, पारशी काकांची शिकवण.

ह्यांचा घोडा जिंकला पण फेव्हरिट असल्यामुळे हातात आले ते अगदीच मोजके, मामाजींच्या तिसऱ्याने त्याच्याहून जास्त दिले. ते दोघं ह्यावरून अजून भांडतायत. माझी घोडी सहावी. "पाय, म्या म्हनलो होतो ना," मामाजी गाडीतल्या वादावर आले, "वाट नाही भेटली तिले."

जिंकलेल्या घोड्याला मालक मंडळी लगाम धरून आत आणतात, फोटो, कप, टाळ्या. मामाजी वाट बघत होते. "गुलाल?" नाही मामाजी. "ढोल?" नाही. मामाजींना हे काही झेपलं नाही, इतका मोठा पट आणि गुलाल नाही.

बाहेर पडायला फार वेळ लागला, टॅक्सी मिळेना, सात रस्त्यापर्यंत चालत आलो. एका टॅक्सीवाल्याने लालबागचे असे पैसे सांगितले की मामाजी म्हणाले इतक्यात तर घोडा येईल. मावशीकडे बोंबलाची चटणी आणि भात तयार होता, तिने हिशोब विचारला, आम्ही सांगितला, ती काही बोलली नाही, नुसता पापड वाढला. रात्री सव्वाबाराची दुरंतो.

सोमवार

जाग आली तर अकोल्याच्या पुढे. ह्यांनी चहावाल्याला थांबवला तेवढ्यात मामाजींनी वरच्या बर्थवरून विचारलं की पुण्यालाही घोडे असतात म्हणे. असतात. जुलैपासून पुण्याचा सीझन, सप्टेंबरच्या सुमारास तिथं इंडियन सेंट लेजर असते, २८०० मीटर, डर्बीपेक्षा लांब. त्याचं गणित वेगळं, पावसाळा असतो, मऊ जमिनीत चिवट घोडा लागतो, आणि माणसाला छप्पर असलेली जागा. ह्यांनी लगेच हिशोब मांडला, नागपूर-पुणे गाड्या, सुट्ट्या, पोळा कधी येतो. मी म्हटलं आधी स्टँडचा नकाशा मागवा, मग तिकीट.

मामाजी म्हणे नकाशा तुमी पाहा, मले फक्त पॅडॉकच्या कठड्यापाशी उभं करून द्या.